‘पन्नास वर्षांत तेल संपणार’ हे गेली पन्नास वर्षं ऐकतोय

लूमवाला
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे लूम आहेत माझे. लिहितो कमी, वाचतो रोज.

या महिन्यात ट्रान्सपोर्टवाल्यानं भाडं वाढवलं. डिझेल तर वाढलेलं नाही, मग का म्हणून विचारलं, तर म्हणतो, "मालक, जगातलं तेलच संपत आलंय. पुढचं बघून ठेवायला नको?" भाडं वाढवायला काहीतरी कारण लागतंच, ते सोडा. पण त्यावरून कन्ना चौकात चहावर जे पेटलं ते विझेना. एक पार्टी म्हणे २०७० पर्यंत सगळं खलास. दुसरी म्हणे ही हूल तेल कंपन्याच उठवतात, भाव चढवायला.

घरी येऊन थोडं वाचलं तर गोंधळ आणखी वाढला. १९८० साली जगाचा सिद्ध साठा साधारण ६८ हजार कोटी पिंपं होता आणि तेव्हाच्या उपशानं तो ३० वर्षं पुरणार होता. म्हणजे २०१० ला कारभार आटोपायला हवा होता. प्रत्यक्षात २०२० च्या अखेरीस साठा १ लाख ७३ हजार कोटी पिंपं, आणि पुरणार ५३ वर्षं! मधली चाळीस वर्षं जग काय उसाच्या रसावर चाललं होतं? काढतोय तसा साठा वाढतोय, हे गणित कुणी नीट समजावेल का? लिंका नकोत, आपल्या भाषेत सांगा.

कट्टेकरी
रुमाल टाकून ठेवलो. शेंगा घेऊन बसलोय, चालू द्या बे.

अर्थात
गणित सोपं आहे. ‘सिद्ध साठा’ म्हणजे जमिनीखालचं सगळं तेल नव्हे. आजच्या भावात आणि आजच्या तंत्रानं काढून परवडेल असं, खात्रीनं सांगता येणारं तेल तेवढं त्यात धरतात. भाव वाढला किंवा तंत्र सुधारलं की कालपर्यंत हिशोबात नसलेलं तेल हिशोबात येतं.

व्हेनेझुएला बघा. ओरिनोको नदीच्या पट्ट्यात डांबरासारखं घट्ट तेल आहे हे फार जुनं ठाऊक होतं. या शतकाच्या पहिल्या दशकात भाव चढले, तसं ते तेल साठ्यात धरलं गेलं, आणि आज ३० हजार कोटींहून जास्त पिंपं घेऊन तो देश कागदावर सौदीच्याही पुढं आहे. कॅनडाच्या तेलमिश्रित वाळूचंही तेच. जमिनीखाली नवीन काही उगवलं नाही, वर भाव बदलला.

‘संपणार’ ही ओरड तर तेलापेक्षाही जुनी. १८६५ साली जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं ब्रिटनला बजावलं होतं की स्वस्त कोळसा सरला की साम्राज्याची भरभराटही सरेल. ब्रिटनच्या कोळशाचं उत्पादन १९१३ साली शिखरावर पोचलं, मग उतरत गेलं. शेवटची खोल खाण २०१५ ला बंद झाली आणि कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये. खाली कोळसा अजून ढीगभर आहे. कुणाला नको आहे, एवढंच.

त्यामुळं तुमच्या ट्रान्सपोर्टवाल्याला सांगा, भाडं कमी कर.

केगावकर
अर्थात सर, अर्धंच सांगितलंत. मी केगावला इंजिनिअरिंगला आहे, सेमिनारसाठी हाच विषय घेतलाय.

१९५६ साली शेल कंपनीतल्या एम. किंग हबर्ट या भूभौतिकतज्ज्ञानं मांडलं की कुठल्याही प्रदेशाचं तेल-उत्पादन घंटेच्या आकारात चढतं आणि उतरतं. साधारण अर्धं तेल उपसून झालं की शिखर. अमेरिकेत एकूण काढण्याजोगं तेल १५ हजार कोटी पिंपं धरलं तर शिखर १९६५ च्या सुमारास येईल, २० हजार कोटी धरलं तर १९७० च्या सुमारास, असं तो म्हणाला. लोकांनी वेड्यात काढलं. १९७० साली अमेरिकेचं उत्पादन रोज ९६ लाख पिंपांवर गेलं आणि तिथून घसरायला लागलं ते २००८ ला ५० लाखांवर आलं.

पुढं ब्रिटनच्या उत्तर समुद्राचं शिखर १९९९, नॉर्वेचं २००१, मेक्सिकोच्या कांतारेल क्षेत्राचं २००४. कांतारेल तर शिखरावर रोज २० लाख पिंपांच्या वर होतं, काही वर्षांत कोसळलं. एकेक प्रदेश उतरतोय आणि जग मात्र चढत राहणार, हे कसं?

अर्थात
२००८ लाच का थांबलास बाळा? पुढचा आकडा पण टाक की सेमिनारमध्ये. २०२३ साली अमेरिकेनं रोज १ कोटी २९ लाख पिंपं काढली. १९७० चं ‘शिखर’ २०१८ मध्येच मागं पडलं. शेल नावाच्या घट्ट खडकात (शेल कंपनी वेगळी) आडवी विहीर खणून, दाबानं पाणी-वाळू मारून खडक फोडायचं तंत्र बसलं आणि घंटेला दुसरी घंटा फुटली. हबर्टच्या कागदावर ही दुसरी घंटा कुठं होती?

आणि पैज माहीत आहे का? मॅथ्यू सिमन्स म्हणून अमेरिकेत ऊर्जा क्षेत्रातले बँकर होते, सौदीचं तेल आतून पोखरलंय असं सांगणारे. २००५ साली त्यांनी पत्रकार जॉन टिअर्नी यांच्याशी पाच हजार डॉलरची पैज मारली, की २०१० सालचा सरासरी भाव महागाई वजा जाता २०० डॉलरच्या वर असेल. जुलै २००८ मध्ये भाव १४७ ला टेकला तेव्हा सगळ्यांना वाटलं सिमन्स जिंकले. २०१० ची सरासरी निघाली ८० च्या आसपास.

टँकरवाला
मोठमोठे आकडे चाललेत, माझं छोटं ऐका. पाकणीच्या डेपोतून टँकर भरतो. मुंबईहून पुण्यामार्गे पाइपलाइन येते तिथं, आणि तिथनं आसपासच्या पंपांना माल जातो.

जानेवारी २०२४ ला नवीन कायद्याच्या विरोधात ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, आठवतंय? दोन दिवसांत पंपांवर ही रांग. बाटल्या घेऊन बायाबापड्या उभ्या. जगात तेल होतं, पाकणीत पण तेल होतं. गाडी हलत नव्हती. तेल ‘संपतं’ ते असं. पन्नास वर्षांचं पन्नास वर्षांनी बघू.

कट्टेकरी
त्या दिवशी मी सात रस्त्यावर गाडी ढकलत नेलो. पंपावर पोचलो तर बोर्ड, ‘पेट्रोल नाही’. माझ्यापुरतं ते ‘पीक ऑइल’, म्हणजे तुमचं तेलाचं शिखर, झालं तिथंच.

भूमिगत
धागा आत्ता पाहिला. माझी बहुतेक नोकरी मुंबई हायच्या रिगवर आणि त्याच्याशी संबंधित ऑफिसात गेली, आता जुळे सोलापुरात नातवंडं सांभाळतो. त्यामुळं जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी एक चित्र डोक्यातून काढा. खाली तेलाचा तलाव नसतो. तेल असतं दगडात, वाळूच्या कणांमधल्या किंवा चुनखडीच्या बारीक छिद्रांत, दाबाखाली. विहीर पडली की सुरुवातीला दाबानं आपोआप येतं. मग दाब उतरतो. मग पाणी किंवा वायू आत ढकलून तेल विहिरीकडं रेटायचं. पुढं पुढं तेलाबरोबर पाणीच जास्त यायला लागतं. सगळं करूनही जगाच्या सरासरीनं खडकातल्या तेलाचा तिसरा हिस्सा किंवा थोडं अधिक एवढंच वर येतं. उरलेलं दगडाला चिकटून तिथंच राहतं.

सोलापूरकरांना हे सांगायला सोपं आहे, कारण आपण उजनीवर जगतो. धरणात एकूण पाणी ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. पेपरात टक्केवारी येते ती उपयुक्त साठ्याची. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. उणे म्हणजे धरण कोरडं होतं का? नव्हतं. पाणी होतं, पण कालव्याच्या तोंडाच्या खाली होतं. तरी शहराला मिळालं, कारण दुबार पंपिंग केलं. एकदा पाणी जॅकवेलपाशी, म्हणजे उपशाच्या विहिरीपाशी आणायचं, मग तिथून परत उचलायचं. पाणी तेच, वीज दुप्पट, आणि नळाला पाच दिवसांनी.

‘सिद्ध साठा’ हा उपयुक्त साठा आहे. अर्थात म्हणतात तसा तो वाढतो, कारण भाव चढला की दुबार पंपिंग परवडतं. इथवर त्यांचं बरोबर. पण त्यांनी दोन गोष्टी वगळल्या.

पहिली, तो आकडा लिहितं कोण? १९८० च्या दशकात ओपेकमध्ये, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेत, कुणी किती तेल विकायचं याचे कोटे ठरायला लागले आणि कोट्यासाठी साठा हा एक निकष चर्चेत आला. १९८५ ला कुवेतनं साठा एकदम फुगवला. मग इराण, अमिराती, इराक. इराकचा आकडा तर गोल, १० हजार कोटी पिंपं. दशक संपता संपता सौदीनंही तेच केलं. या काळात तिकडं कुठलंही एवढं मोठं नवीन क्षेत्र सापडलेलं नव्हतं. पुढं वर्षानुवर्षं तेल उपसूनही यातले कित्येक आकडे हलले नाहीत. लूमवाला, तुम्हाला पडलेल्या कोड्याचा एक मोठा तुकडा हा आहे.

दुसरी, साठा आणि प्रवाह वेगळे. व्हेनेझुएलाकडं जगातला सर्वात मोठा साठा, पण गेल्या काही वर्षांत तिथून रोजचे १० लाख पिंपंही धड निघत नव्हती. १९९० च्या दशकाअखेरीस हाच देश ३० लाखांच्या वर काढत होता. राजकारण, निर्बंध, गंजलेल्या पाइपलाइनी, सगळं आलं त्यात. जगाला रोज १० कोटी पिंपं लागतात. ती रोज यावी लागतात. ‘५३ वर्षं’ हा आकडा असं सुचवतो की ५३ वर्षं तेवढंच तेल येत राहील आणि ५४ व्या वर्षी एकदम बंद. असं एकही क्षेत्र मी पाहिलेलं नाही.

मुंबई हायचंच घ्या. १९७४ ला ‘सागर सम्राट’ रिगला तेल लागलं, १९७६ ला उत्पादन सुरू. १९८९ च्या सुमारास रोज ४ लाख पिंपांवर गेलं, आणि मग उतार. आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. संपलंय का? नाही. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीनं ब्रिटिश पेट्रोलियमला तांत्रिक भागीदार म्हणून घेतलं ते तिथलं उत्पादन पुन्हा वाढवायलाच. थोडं वाढेलही. चार लाख परत होतील असं मात्र माझ्या ओळखीतलं कुणी म्हणत नाही.

ऊसकरी
काका, प्रतिसाद झकास. पण उजनीचं उदाहरण एका ठिकाणी घसरतं. उजनी उणे साठला गेली तरी आम्ही आभाळाकडं बघतो. पुण्याकडं पाऊस झाला की धरण शंभर टक्के, आणि पंढरपुरात पूर. तेलाला पावसाळा कुठं आहे?

भूमिगत
अगदी खरं. तेल तयार व्हायला कोट्यवधी वर्षं. आपल्या हिशोबात भर शून्य.

गुप्तज्ञानी
हेच तर खोटं आहे. तेल जिवाश्मांपासून होत नाही, पृथ्वीच्या पोटात आपोआप तयार होतं आणि वर झिरपत राहतं. रशियन शास्त्रज्ञांनी हे कधीच सांगितलंय. रिकाम्या विहिरी परत भरतात. कंपन्या हे दाबून ठेवतात.

भूमिगत
दाबलेलं काही नाही, उघड खणून पाहिलंय. थॉमस गोल्ड या खगोलशास्त्रज्ञाच्या आग्रहावरून १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये सिल्यान इथं उल्का पडलेल्या ग्रॅनाइटच्या भागात सहा किलोमीटरच्या खाली विहीर नेली. त्याच्या सिद्धान्तानुसार तिथं भरपूर मिळायला हवं होतं. विकण्याजोगं काही निघालं नाही, आणि जो थोडा काळा गाळ आला तो खणताना वापरलेल्या द्रवातूनच आला असावा असं बऱ्याच जणांचं मत पडलं. दुसरीकडं, बाजारात येणाऱ्या तेलात शेवाळ आणि सूक्ष्मजीवांच्या पेशींमधल्या रेणूंचे सांगाडे ओळखता येतात. कुठलं तेल कुठल्या खडकात शिजलं हे त्यावरून सांगता येतं आणि तेवढ्यावर पुढचं खणकाम ठरतं. विहिरीत थोडा दाब परत येतो तो शेजारच्या खडकातून तेल सरकल्यामुळं.

गुप्तज्ञानी
कंपनीचं मीठ खाल्लेलं दिसतंय.

कट्टेकरी
मीठ नव्हे ओ, पेन्शन.

जुनीमिल
वय झालं, टंकायला वेळ लागतो. १९७३ ची गोष्ट सांगतो. बहात्तरच्या दुष्काळातून सोलापूर जेमतेम डोकं वर काढत होतं, सुकडी आणि मिलोच्या आठवणी ताज्या. त्यात ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं. तीन डॉलरच्या आसपासचं पिंप जानेवारीपर्यंत बाराच्या जवळ गेलं. आमच्या घरी पेट्रोलवर चालणारं काहीच नव्हतं, आम्हाला कळलं ते रॉकेलमुळं. रेशनच्या दुकानापुढं माणसाऐवजी डबे रांगेत ठेवलेले असायचे, आणि आपला डबा कुणी पुढंमागं सरकवला की भांडणं. त्या नोव्हेंबरात वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेल्याचा फोटो पेपरात आला होता, तो मिलच्या फाटकावर कुणीतरी चिकटवला होता.

तेव्हाही सगळे हेच म्हणायचे, तेल संपलं. खरं तर अरबांनी नळ बंद केला होता. माझं निरीक्षण एवढंच, की नळ बंद असो की विहीर आटलेली असो, डबा घेऊन उभ्या असलेल्याला दोन्ही सारखंच दिसतं.

रंगारी
जुनीमिल काका, सुकडीचं वाचून आई आठवली.

माझा प्रोसेस हाउसशी संबंध. तेल म्हटलं की सगळे पेट्रोल-डिझेल बोलतात. आम्ही वापरतो ते रंग, सॉफ्टनर, केमिकल बहुतेक पेट्रोकेमिकलच्या वाटेनंच येतात. क्रूड पेटलं की रंगाचा भाव पंधरा दिवसांत पेटतो, क्रूड विझलं की महिनोन् महिने गरमच राहतो. गाड्या उद्या विजेवर चालतील, पण चादरीवरचा मोर विजेनं रंगवता येणार नाही. त्याला पर्याय कुणाकडं आहे?

अर्थात
जाळण्याच्या मानानं रसायनांना लागतं ते तेल बरंच कमी. गाड्या खरंच विजेवर गेल्या तर रंगांसाठी तेल मुबलक राहील, उलट स्वस्त मिळेल.

आता भूमिगत यांना. साठ्याचे आकडे फुगवलेले असतील, मान्य. पण तुमच्या पंथाच्या तारखांचं काय? कॉलिन कॅम्पबेल आणि जाँ लाहेरेर यांनी १९९८ मध्ये लिहिलं की २०१० च्या आत जगाचं उत्पादन उतरणीला लागेल. २०१० आलं, गेलं. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेत वायद्याचा भाव उणे ३७ डॉलर झाला. तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या! साठवायला जागा नव्हती. टंचाईच्या जगात असं होतं?

भूमिगत
ते लॉकडाउनचे दिवस होते, आणि तो एका वायद्याचा शेवटाचा एक दिवस होता. त्यावरून शतकाचा निष्कर्ष काढू नका.

कॅम्पबेल-लाहेरेर यांचं पुरतं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांचं भाकीत सोप्या, पारंपरिक तेलाबद्दल होतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनंच २०१० च्या अहवालात लिहिलं की पारंपरिक कच्च्या तेलाचं शिखर २००६ ला रोज ७ कोटी पिंपांवर होऊन गेलं आणि ते परत गाठलं जाईल असं त्यांना दिसत नव्हतं. त्यानंतरची वाढ बहुतेक आली ती शेल, कॅनडाची वाळू, वायूबरोबर मिळणारे द्रव, खोल समुद्र इथून. म्हणजे दुबार पंपिंग, आणि आता तिबार.

शेलचं सांगतो. तिथली विहीर पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त उतरते. मुंबई हायची चांगली विहीर वर्षानुवर्षं चालायची. इकडं रोज नवीन विहिरी खणल्या नाहीत तर उत्पादन जागेवरही राहत नाही. जगभराचंही थोडंफार तसंच होतंय. २०२५ मधल्या याच संस्थेच्या अहवालानुसार २०१९ पासून तेल-वायू उत्खननात जेवढा पैसा ओतला गेला त्यातला ९० टक्क्यांच्या जवळपास फक्त जुन्या क्षेत्रांची घट भरून काढण्यात गेला. गुंतवणूक पूर्ण थांबली तर दरवर्षी ब्राझील आणि नॉर्वे यांच्या एकत्रित उत्पादनाएवढं तेल कमी होत जाईल असा त्यांचा अंदाज आहे.

म्हणून मी तारीख सांगत नाही. मला दिसतं ते असं की त्याच एका पिंपासाठी दरवर्षी जास्त लोखंड, जास्त पाणी, जास्त डिझेल आणि जास्त कर्ज लागतंय.

केगावकर
काका, याला पुस्तकात ऊर्जेचा परतावा म्हणतात. एक पिंप खर्चून किती पिंपं हाती आली ते. जुन्या टेक्सासी विहिरींचा परतावा भरपूर होता, वाळूतल्या तेलाचा फारच थोडा. परतावा एकास एक झाला की भाव कितीही असो, इंधन म्हणून काढण्यात अर्थ नाही.

अर्थात
हा मुद्दा चांगला आहे, सेमिनारमध्ये हाच पुढं ठेव. हबर्टला मागच्या बाकावर बसव.

ऊसकरी
आमच्या जिल्ह्यात महाराष्ट्रातले सर्वाधिक साखर कारखाने, त्यामुळं इथेनॉलचं बोलल्याशिवाय धागा पुरा होत नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायचं लक्ष्य देशानं २०२५ मध्ये गाठलं. आयात ८५ टक्क्यांहून अधिक असलेल्या देशाला तेवढाच टेकू, असं आम्हाला सांगतात. पण डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून सरकारनं एका रात्रीत रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभारल्या ते कारखाने हवालदिल, आमची बिलं लांबणीवर. तेलाची विहीर आटायला तीस वर्षं घेते, आमची एका परिपत्रकात आटली.

शिवाय उसाला पाणी कुठलं? उजनीचंच. नळाला पाच दिवसांनी आणि टाकीत वीस टक्के उजनी!

लूमवाला
मोटारसायकलचं ॲव्हरेज पण पडलंय म्हणतात त्यानं.

ऊसकरी
लिटरमागं इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी असते, मग थोडं पडणारच. किती पडतं यावर भांडण आहे, पडतं यावर नाही.

टँकरवाला
आणि ते पाणी ओढतं. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरू न देणं हा आमच्या डोक्याला वेगळा ताप.

अर्थात
सगळे पुरवठ्यात अडकलेत. मागणीकडं बघा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था २०२३ पासून म्हणत होती की तेलाची मागणीच २०३० च्या आत शिखर गाठेल. ओपेकनं त्यावर आरडाओरडा केला. २०२५ च्या अहवालात संस्थेनंच एक वेगळं चित्रही मांडलं, की आजचीच धोरणं राहिली तर मागणी २०५० पर्यंत वाढत राहील. म्हणजे तज्ज्ञही दोन्ही दगडांवर. पण चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांतल्या जवळपास निम्म्या विजेच्या किंवा प्लगवाल्या आहेत, याकडं डोळेझाक करता येत नाही.

भूमिगत
आणि ती वीज आपल्याकडं फताटेवाडीच्या कोळशातून येणार. एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच तिथं धूर सोडताहेत. तेल वाचेल हे खरं, तेवढंच खरं.

केगावकर
अर्थात सर, लावताय का पैज मग? सिमन्ससारखी. माझं म्हणणं, २०३५ साली जगाचं उत्पादन २०१८ पेक्षा कमी असेल.

अर्थात
मीही तेच म्हणतो. लोकांना तेल नको असेल म्हणून कमी असेल. मग पैज कशी लागणार?

भूमिगत
छान अडकलात दोघं. आकडा तोच, कारणं उलटी. निवाडा भावावर करा. उत्पादन घटलं आणि भाव चढा राहिला तर पुरवठा आटला, केगावकर जिंकला. उत्पादन घटलं आणि भाव पडला तर गिऱ्हाईक गेलं, अर्थात जिंकले. आणि उत्पादन म्हणजे नेमकं काय तेही आधी ठरवा. १० कोटी पिंपांच्या आकड्यात वायूबरोबरचे द्रव येतात, ऊसकरींचं इथेनॉलसुद्धा येतं. फक्त कच्चं तेल आणि कंडेन्सेट (वायूतून वेगळं होणारं हलकं तेल) धरलं तर २०१८ ला ते रोज ८ कोटी ३० लाख पिंपांच्या आसपास होतं आणि २०२४ पर्यंत त्याच्याच आसपास रेंगाळत होतं.

अर्थात
मंजूर. कच्चं तेल आणि कंडेन्सेट, वर्षाची सरासरी. भावाची रेषा आजच्या पैशात १०० डॉलर. वर गेला तर याचा, खाली राहिला तर माझा.

केगावकर
१०० फार वर आहे सर. ८० ठेवा.

अर्थात
९०. आणि हुरडा पार्टी, मंगळवेढ्याला, या धाग्यावरच्या सगळ्यांना. हरेल त्यानं द्यायची.

केगावकर
चालेल. ९०.

रंगारी
उत्पादन २०१८ पेक्षा वाढलं तर?

भूमिगत
तीही शक्यता भरपूर आहे, हसू नका. तसं झालं तर दोघंही हरले, दोघांनी मिळून द्यायची.

लूमवाला
म्हणजे हुरडा पक्का. पण २०३५ पर्यंत माझ्या भाड्याचं काय करू?

टँकरवाला
कुठला ट्रान्सपोर्टवाला आहे तुमचा? फोनवर बोलू, मी दुसरा बघून देतो. डिझेल वाढलं नसताना भाडं वाढवायचं म्हणजे काय?

कट्टेकरी
२०३५ पर्यंत हुरड्यावाचून कोण थांबूलालंय बे? व्याज म्हणून दरवर्षी जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या टायमाला एकेक किलो शेंगा चटणी द्या दोघं. मुद्दल २०३५ ला.